मांजर कुत्र्याचे कान का चाटतं?

कुत्रा फरशीवर पाय ताणून पडलेला असतो. मांजर येतं, त्याच्या मानेवर एक पंजा रोवतं आणि कान चाटायला लागतं. आधी कानाचं मूळ, मग आतली मऊ बाजू, मग कपाळ. कुत्र्याचे डोळे मिटत येतात. मिनिट-दोन मिनिटं सगळं छान चाललेलं असतं आणि अचानक तेच मांजर त्याच कानाचा चावा घेतं, वर थोबाडावर एक पंजा ठेवून देतं आणि चार हात लांब जाऊन स्वतःचं अंग चाटत बसतं.

ज्यांच्या घरात दोन्ही प्राणी आहेत त्यांना हे नवं नाही. मांजराची जात लहरीच, असं म्हणून आपण सोडून देतो. पण त्या लहरीच्या मागे जे दडलंय ते कळलं की घरातल्या या दोघांकडे तासन्‌तास बघत बसावंसं वाटतं.

चाटणं आणि चापट जोडीने येणं हे मांजरा-मांजरांतही दिसतं. रूड व्हान डेन बॉस या डच संशोधकाने एकत्र ठेवलेल्या मांजरांचं निरीक्षण करून १९९८ साली त्यावर लिहिलं. मांजरं एकमेकांना चाटतात ती मुख्यतः डोक्यावर आणि मानेवर. चाटणारं मांजर बऱ्याचदा वरच्या बाजूला, उभं किंवा बसलेलं असतं. आणि चाटण्याच्या अशा सुमारे एक तृतीयांश प्रसंगांत गुरगुरणं, चापट, चावा असं काहीतरी घडतं, तेही जास्त करून चाटणाऱ्याकडूनच. व्हान डेन बॉस यांचा अंदाज असा, की एकाच जागेत राहायचं असेल तर खरं भांडण महागात पडतं, म्हणून मनातला ताण चाटण्यावाटे बाहेर पडत असावा. माया आणि चीड एकाच जिभेवर! माणसांच्या एकत्र कुटुंबात वाढलेल्या कुणालाही हे पटायला जड जाऊ नये.

तुमचं मांजर कुत्र्याशी तेच करतंय. माझ्या मते इथेच सगळ्या कोड्याची किल्ली आहे: कुत्र्याशी वागायची वेगळी रीत मांजराकडे नाही. मांजराशी वागायची जी रीत आहे, तीच ते कुत्र्यावर चालवतं.

आणि ती रीत तरी त्याच्याकडे आली कुठून? आपल्या घरातल्या मांजराचा पूर्वज म्हणजे पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतलं रानमांजर. ते एकटं राहतं, एकटं शिकार करतं. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात शेती सुरू झाली, धान्य साठू लागलं, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे हे रानमांजर. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाच्या शेजारी मांजर पुरलेलं सापडलं आहे. कुत्रा त्याच्याही हजारो वर्षं आधीपासून माणसासोबत होता, आणि तो आला लांडग्यांच्या कळपातून. कळपात राहणाऱ्याला सलाम-नमस्कार, मनधरणी, माघार हे सगळं पदोपदी लागतं. एकट्या रानमांजराला मोठेपणी नमस्कार करायला होतंच कोण? फक्त लहानपणी आई होती.

म्हणून मांजराच्या प्रेमाच्या बहुतेक खुणा पिल्लूपणातल्या आहेत. शेपटी काठीसारखी सरळ उभी करून येणं, गाल घासणं, अंगाखालून अंग सरकवत जाणं हे पिल्लू आईशी करतं. रानमांजर मोठं झालं की शेपटीची ही खूण सोडून देतं. घरमांजराने मात्र ती जन्मभर जपली, आणि माणसाशी, दुसऱ्या मांजराशी बोलताना वापरली. शेपटी उभारून तुमच्या कुत्र्याच्या हनुवटीखालून जाणारं मांजर पिल्लाचा आईला करायचा नमस्कार एका लांडग्याच्या वंशजाला करत असतं. त्यातच वासाचाही व्यवहार होतो. मांजराच्या गालावर, हनुवटीवर, शेपटीच्या मुळाशी गंधग्रंथी असतात. घासताना मांजर आपला वास कुत्र्यावर सोडतं आणि त्याचा वास आपल्यावर घेतं. पुढे दोघांना मिळून घराचा एकच वास येऊ लागतो.

खरं तर दोघांचं जमणं अवघडच. कुत्रा खुशीत शेपटी हलवतो, मांजर शेपटी आपटतं तेव्हा ते चिडलेलं असतं. कुत्रा पुढचा पाय उचलतो तो बऱ्याचदा खेळायला बोलावण्यासाठी, मांजराचा उचललेला पंजा म्हणजे पुढची चापट. घाबरलेला कुत्रा उताणा पडून हार मानतो, घाबरलेलं मांजर उताणं पडतं ते चारही पंजे मोकळे करायला. एवढ्या गोंधळात रोज युद्ध व्हायला हवं.

तसं होत नाही, हे तेल अवीव विद्यापीठातल्या नेटा-ली फॉयरश्टाइन आणि जोसेफ टर्केल यांनी दाखवून दिलं. कुत्रा आणि मांजर दोन्ही असलेल्या घरांचा त्यांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. सुमारे दोन तृतीयांश घरांत दोघांचं चांगलं जमत होतं. भांडखोर घरं थोडीच. आणि दोघं एकमेकांच्या खुणा बरोबर ओळखत होती, आपल्या जातीत त्या खुणेचा अर्थ उलटा असला तरी. मला सगळ्यात थक्क करते ती नाकाची गोष्ट. मांजरं भेटतात तेव्हा नाकाला नाक लावतात, कुत्र्यांचा भर मागची बाजू हुंगण्यावर. मांजरासोबत राहणारे कुत्रे मांजरासारखं नाकाला नाक लावायला शिकले होते, लहानपणीच मांजर भेटलेले तर जास्तच. कोणी शिकवलं नाही, खाऊ दिला नाही. सोबत राहून शिकले.

त्याच अभ्यासात दिसलं, की मांजर सहा महिन्यांच्या आतलं आणि कुत्रा वर्षाच्या आतला असताना भेट झाली तर चांगलं जमतं. आणि मांजर घरात आधी आलेलं असलं तर आणखी चांगलं. मांजराच्या पिल्लाचं मन दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात सगळ्यात उघडं असतं. त्या दिवसांत जे प्राणी जवळ असतात ते आपले. झिंग-यांग क्वो या चिनी शास्त्रज्ञाने १९३० मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदीर मारणाऱ्या आईसोबत वाढलेली बहुतेक पिल्लं पुढे उंदीर मारू लागली. उंदरांच्याच सोबत वाढलेल्यांपैकी फार थोड्यांनी उंदीर मारला, आणि मारला तोही परका. उंदरांचीच ही कथा, तर कुत्रा-मांजराच्या हाडवैराचं काय घेऊन बसलात!

कोल्हापूरला माझ्या मावशीकडे एक राखाडी मनी आहे आणि वीस-बावीस किलोचा गावठी कुत्रा. मनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसते. गुरगुरत नाही, केस फुलवत नाही, पंजे पोटाखाली घेऊन नुसती बघते. कुत्रा दोन फुटांवर थांबतो, मान वळवतो, जीभ नाकावरून फिरवतो, मग मावशीकडे बघून बारीक कुंई करतो. मावशी म्हणते, "अगं मने, जाऊ दे की त्याला." मांजरांत रोखून बघणं ही धमकीच, आणि कुत्र्याने ती ओळखली आहे. मान वळवणं, ओठ चाटणं ही त्याची माघार. हे सगळं इतकं गुपचूप चालतं की घरच्यांना कळतही नाही. लिंकन विद्यापीठाच्या २०१८ मधल्या पाहणीतही हेच आलं: एका घरातल्या कुत्रा-मांजरांत धमकावणारं जास्त करून मांजर असतं, आणि दोघांचं जमणार की नाही हे कुत्र्यापेक्षा मांजराच्या निवांतपणावर ठरतं.

सोफ्याखालून कुत्र्याच्या शेपटीवर झडप घालणं हा बहुधा खेळ असतो. नखं आत असतील, दोघं आळीपाळीने पळत असतील, कुत्रा पुन्हा स्वतःहून जवळ जात असेल तर काळजी नको. कान मागे चपटे, नखं बाहेर, आणि एकच जण सारखा पळतोय असं असेल तर दोघांना वेगळं करा.

घरात मांजर असेल आणि कुत्रा आणायचा विचार असेल, तर आधी कपाटावरची एक जागा मोकळी करा, जिथे मांजर उडी मारून पोचेल आणि कुत्रा पोचणार नाही. भेट घडवण्याआधी एकाचं फडकं दुसऱ्याच्या अंथरुणात काही दिवस ठेवा. आणि जेवणाची भांडी लांब ठेवा, कारण मांजराला टॉरिन हे पोषकद्रव्य अन्नातूनच मिळावं लागतं आणि कुत्र्याचं खाणं त्याला पुरत नाही.