छपरांवरचे गिर्यारोहक

किंग्ज कॉलेजचं चॅपेल बघायला केंब्रिजला आलेला पाहुणा आत शिरतो, 24 मीटर उंचीवर पंख्यासारखं पसरलेलं दगडी छत मान अवघडेपर्यंत बघतो आणि तृप्त होऊन बाहेर पडतो. बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्याकडे सहसा कुणाची नजर जात नाही. तिथे बुरूज आणि आधारभिंत यांच्यामध्ये माणूस मावेल एवढी उभी खाच आहे. बांधणाऱ्यांच्या लेखी तो नुसता सांधा होता. 1930च्या दशकातल्या काही विद्यार्थ्यांना त्यात छपरापर्यंत जाणारी वाट दिसली.

ती वाट चढायची रीत सह्याद्रीत प्रस्तरारोहण करणाऱ्याला लगेच ओळखू येईल. अशा उभ्या खाचेला आपल्याकडेही, इंग्रजीतल्यासारखं, ‘चिमणी’च म्हणतात. पाठ एका भिंतीला टेकवायची आणि पाय समोरच्या भिंतीवर रोवायचे. हाताने पकडायला काही नसतं, सगळा भार अंगाच्या रेट्यावर. मग एक पाय मागे घेऊन बुटाचा तळ पाठीमागच्या भिंतीला लावायचा, दोन्ही तळहात कमरेजवळ दाबायचे, पाठ सोडवून वीतभर वर सरकायचं आणि पुन्हा टेकवायची. खाचेची रुंदी बेताची असेल तर दमलेला माणूसही पाय ताणून नुसता अडकून राहू शकतो, श्वास घेऊ शकतो. रुंदी वाढली की पाय सरळ होतात आणि रेटा संपतो. कमी झाली की गुडघे दुमडायला जागा उरत नाही. खाली उभं राहून याचा अंदाज येत नाही, तो अंग आत घातल्यावरच येतो.

या चॅपेलची पायाभरणी सहाव्या हेन्रीने 1446 मध्ये केली. गुलाबांच्या युद्धांत, म्हणजे इंग्लंडच्या गादीसाठी झालेल्या यादवीत, काम रखडलं आणि दगडी बांधकाम पुरं व्हायला 1515 उजाडलं. आधीचा दगड यॉर्कशायरचा, पांढुरका, नंतरचा नॉर्थॅम्प्टनशायरचा. अंधारात चढणाऱ्याच्या बोटांखालून हा सगळा काळ हातहात सरकत जातो. इमारतीची इतकी जवळून ओळख तिच्या मालकांनाही क्वचितच असते.

पोरांचा उनाडपणा म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण करणाऱ्यांनी त्याच्या चोख नोंदी ठेवल्या. ट्रिनिटी कॉलेजच्या जेफ्री विन्थ्रॉप यंगने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर आपल्या कॉलेजच्या छपरांची मार्गदर्शिका निनावी छापली. तिचा घाट थेट आल्प्सच्या मार्गदर्शिकांचा. यंग पुढे आल्प्समधला नामांकित गिर्यारोहक झाला. पहिल्या महायुद्धात, 1917 साली, इटलीच्या आघाडीवर त्याचा डावा पाय गेला. 1928 मध्ये कृत्रिम पायावर तो मॅटरहॉर्न चढला. छपरांवर मिळालेली ओढ किती खरी होती, याला वेगळा पुरावा लागत नाही.

1937 साली ‘द नाइट क्लाइंबर्स ऑफ केंब्रिज’ हे पुस्तक आलं. लेखकाचं नाव होतं ‘व्हिपलस्नेथ’. या टोपणनावामागे नोएल सिमिंग्टन होता. पुस्तकाचा जीव त्यातल्या छायाचित्रांत आहे. फ्लॅशबल्ब लावून मध्यरात्री काढलेल्या त्या चित्रांत कोट घातलेली मुलं खांबांना, सुळक्यांना, पाइपांना बिलगलेली दिसतात. एकदा फ्लॅश उडाला की आख्ख्या चौकाला पत्ता लागणार, त्यामुळे फोटो काढणं हे चढण्याइतकंच जोखमीचं काम.

पाइपांवर तर पुस्तकात सविस्तर मजकूर आहे, आणि तो असायलाच हवा. छपराचं पाणी उतरवणारा बिडाचा पाइप ही शहरातली सगळ्यात सोपी वाट वाटते. तिथेच माणूस फसतो. गोल पाइप भिंतीपासून दोन-तीन बोटं सुटा असेल तर मागून बोटं घालता येतात, पाय भिंतीवर सपाट रोवून मागे झुकत चढता येतं. चौकोनी पाइप भिंतीला चिकटून बसवलेला असला की बोटं आत जात नाहीत, केवळ कडांवर चिमटा घेऊन लोंबकळावं लागतं. पाइप भिंतीला धरून ठेवणाऱ्या पट्ट्या पायाला आधार देतात, पण खिळे गंजलेले असतील तर पाइपच भिंतीपासून सुटू लागतो. म्हणून भार टाकण्याआधी हलवून बघायचं, कान देऊन ऐकायचं. बहुतेक चढाया दोराविना होत. चूक झाली तर खाली फरसबंदी, आणि पकडलं गेलं तर विद्यापीठातून हकालपट्टी.

सगळ्यात बदनाम जागा म्हणजे सेनेट हाउसची उडी. गॉनव्हिल अँड कीझ कॉलेजचं छप्पर आणि सेनेट हाउसचं छप्पर यांच्यामध्ये एक चिंचोळी गल्ली आहे. अंतर साधारण दोन मीटर. जमिनीवर एवढी उडी कुणीही मारेल. तीच वीसेक मीटरवर, रात्री, मारायची म्हटलं की पाय जागचे हलत नाहीत. जून 1958 मध्ये याच कॉलेजच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी त्या फटीवर फळी टाकली आणि दोर-कप्प्यांच्या साहाय्याने एक आख्खी ऑस्टिन सेव्हन मोटार सेनेट हाउसच्या छपरावर नेऊन उभी केली. पोलीस, अग्निशमन दल आणि नागरी संरक्षण दलाचे लोक जवळजवळ आठवडाभर झटले. शेवटी मोटारीचे तुकडे करून ती उतरवावी लागली. कॉलेजचे डीन ह्यू माँटेफिओरी यांनी ‘कुणी केलं ते मला ठाऊक नाही’ असं उघडपणे सांगितलं, आणि संशयितांच्या जिन्यावर शॅम्पेनची पेटी धाडली. करणाऱ्यांनी आपली नावं 50 वर्षांनी जाहीर केली. 1965 मध्ये किंग्जच्या चॅपेलच्या सुळक्यांमध्ये व्हिएतनाममध्ये शांतता मागणारा फलक फडकला, तोही याच कसबाच्या बळावर.

दगडी नक्षी गेली, काचा-पोलाद आलं, तरी हा नाद सुटला नाही. फ्रान्सचा आलँ रोबेर लहानपणी घराची किल्ली आत राहिली म्हणून बाहेरून चढून खिडकीतून घरात शिरला होता. 25 डिसेंबर 2004 रोजी तो तैपेई 101 ही 508 मीटर उंचीची इमारत चढला. उद्घाटनाआधीची ही चढाई रीतसर परवानगीने, सुरक्षादोर बांधून झाली. पावसात सुमारे चार तास लागले. या इमारतीचे आठ-आठ मजल्यांचे टप्पे वर जाताना बाहेर झुकत जातात, म्हणजे प्रत्येक टप्प्यावर अंग पाठीमागे ओढलं जातं. नुसत्या ताकदीने ते जमत नाही. कुठल्या कडेवर किती बोटं बसतात, कुठे थांबून हात झटकायचे, हे आधी नीट बघून ठरवावं लागतं. केंब्रिजची मुलं रस्त्यावरून मान वर करून हेच बघत असत.

याच नादाची एक उजेडातली बाजू लीड्समध्ये सापडते. 1964 साली तिथल्या विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकवणारे डॉन रॉबिन्सन यांनी एका बोळातल्या विटांच्या भिंतीत खरे दगड बसवले. इतरांच्या इमारतींवर चोरून शोधाव्या लागणाऱ्या पकडी इथे मुद्दाम, चढण्यासाठीच ठेवलेल्या होत्या. हिवाळ्यात, पावसात, तासांच्या मधल्या वेळात विद्यार्थी तिथे बोटं घट्ट करू लागले. त्यांच्यातलाच जॉन सायरेट. कातळावरचा अनुभव बेताचा असताना त्याने त्या बोळात अफाट सराव केला, आणि 1970 मध्ये ॲल्म्सक्लिफच्या कातळावरचा ‘वॉल ऑफ हॉरर्स’ हा त्या काळी धडकी भरवणारा मार्ग चढून दाखवला. त्यानंतर यॉर्कशायरच्या जुन्याजाणत्या आरोहकांनाही त्या विटांच्या भिंतीची दखल घ्यावी लागली.