ट्यूबा आणि यूफोनियम : एकलवादन व समूहवादनासाठीच्या रचनांची जडणघडण

प्रस्तावना

एखाद्या विषयाला महाविद्यालयीन अभ्यासक्रमात स्थान द्यावयाचे झाल्यास त्या विषयाचे स्वतःचे ग्रंथसाहित्य आहे काय, हा प्रश्न अभ्यासमंडळासमोर प्रथम उभा राहतो. पाश्चात्त्य संगीतशिक्षणात वाद्यांनाही हीच कसोटी लावली जाते. व्हायोलिन शिकणाऱ्या विद्यार्थ्यासमोर तीन शतकांहून अधिक काळातील रचनांचे भांडार असते; त्यातून काय निवडावे हीच त्याची अडचण. ट्यूबा व यूफोनियम या मंद्र सप्तकातील पितळी वाद्यांच्या विद्यार्थ्याला मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत निवडीचा प्रश्न फारसा पडतच नव्हता. वाद्य होते, ते वाजविणारे निष्णात वादक होते, त्यांना वेतन देणारे बँड व वाद्यवृंदही होते. नव्हते ते त्या वाद्यांना उद्देशून लिहिलेले संगीत.

प्रस्तुत लेखात या दोन वाद्यांसाठीच्या एकलवादनाच्या व समूहवादनाच्या रचना कशा निर्माण झाल्या याचा मागोवा घेतला आहे. या रचनांपैकी बऱ्याच संगीतकारांच्या स्वयंस्फूर्तीपेक्षा वादकांच्या मागणीतून व चिवट पाठपुराव्यातून जन्मास आल्या, असे प्रस्तुत लेखकाचे मत असून पुढील विवेचन त्या दिशेने केले आहे.

वाद्यांचा परिचय

१२ सप्टेंबर १८३५ रोजी प्रशियामध्ये विल्हेल्म वीप्रेख्त हे लष्करी बँडचे संचालक आणि योहान गोटफ्रीड मोरित्झ हे बर्लिनचे वाद्यनिर्माते यांना 'बास ट्यूबा' या वाद्याचे पेटंट मिळाले. त्यापूर्वी खर्जाचे काम सर्पेंट आणि ऑफिक्लाइड ही वाद्ये करीत. बासरीप्रमाणे त्यांच्या नळीला छिद्रे असत. त्यामुळे सर्व स्वर सारख्या वजनाने लागत नसत. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात व्हॉल्व्ह आला. व्हॉल्व्ह म्हणजे दाबताच हवेच्या मार्गाला नळीचा जादा तुकडा जोडून देणारी झडप. या एका सुधारणेमुळे मोठ्या पितळी वाद्यांवर सर्व बारा स्वर एकाच गुणाने वाजविणे शक्य झाले. यूफोनियम हे १८४० च्या दशकातील अपत्य. त्याचे नाव 'मधुर आवाजाचा' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे.

दोन्ही वाद्यांची नळी मुखाकडून कर्ण्याकडे क्रमाने रुंद होत जाते. त्यामुळे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनच्या धारदार आवाजाऐवजी त्यांचा आवाज गोल व भरीव येतो. यूफोनियमची नळी सुमारे पावणेतीन मीटर लांब असते, तर सर्वांत मोठ्या ट्यूबाची सुमारे साडेपाच मीटर, म्हणजे नेमकी दुप्पट. अर्थातच तो एक सप्तक खाली बोलतो. येथे एक शारीरिक मर्यादा लक्षात घेणे आवश्यक आहे. ट्यूबाचा खर्ज जोराने लावला तर वादकाचा श्वास काही सेकंदांतच संपतो. ट्यूबासाठी लिहिणाऱ्याला वाक्य कोठे तोडावे याचा विचार आधी करावा लागतो आणि चाल नंतर सुचावी लागते.

आपल्याकडे लग्नाच्या बँडमध्ये छातीशी धरून वाजविले जाणारे, वर तोंड असलेले जाड नळीचे जे वाद्य दिसते ते बहुधा यूफोनियम किंवा त्याचे निकटचे भावंड बॅरिटोन असते. मेरठ येथील १८८५ पासूनच्या नादिर अली आणि कंपनीसारख्या कारखान्यांनी अशी वाद्ये देशभर पोचविली. तथापि आपले बँडवाले त्यावर बहुतांशी चित्रपटगीतांच्या चाली कानाने उचलून वाजवितात. या वाद्याकरिता वेगळी लिखित रचना असावी ही गरज तेथे सहसा भासत नाही. त्यामुळे प्रस्तुत विवेचनाची कक्षा युरोप व अमेरिकेपुरती ठेवली आहे.

एक खुर्ची, आणि तीही नाही

सिम्फनी वाद्यवृंदात व्हायोलिनवादक तीसच्या आसपास असतात, ट्यूबावादक एक. त्या एकालाही काम बेताचेच. द्वोर्झाकच्या १८९३ मधील 'न्यू वर्ल्ड' सिम्फनीत ट्यूबाच्या वाट्याला केवळ दुसऱ्या भागात मोजके स्वर येतात. उरलेला वेळ वादकाने वाद्य मांडीवर घेऊन बसावयाचे. वाग्नरच्या 'माइस्टरझिंगर'च्या पूर्वरंगात किंवा माहलरच्या पहिल्या सिम्फनीच्या तिसऱ्या भागात ट्यूबाला स्वतःची ओळ मिळते, परंतु ती ओळच. वाद्यवृंदातील नोकरीच्या चाचणीसाठी हेच उतारे घोटावे लागत आणि बराच काळ ट्यूबाचा अभ्यासक्रम म्हणजे अशा उताऱ्यांचा संग्रह, अशी स्थिती होती. एखाद्या भाषेचे वाङ्मय केवळ व्याकरणाच्या पुस्तकांतील उदाहरणवाक्यांतून शिकवावे, तसाच हा प्रकार.

यूफोनियमला वाद्यवृंदात कायमची खुर्चीच नाही. 'टेनर ट्यूबा' या नावाने त्याला अधूनमधून पाहुणा म्हणून बोलावले जाते. रिचर्ड स्ट्राउसचे 'डॉन किहोटे' आणि होल्स्टच्या 'द प्लॅनेट्स'मधील 'मार्स' ही त्याची ठळक उदाहरणे. एक रंजक उदाहरण राव्हेलचे आहे. मुसोर्ग्स्कीच्या 'पिक्चर्स अ‍ॅट अ‍ॅन एक्झिबिशन' या पियानोरचनेचे त्याने १९२२ मध्ये वाद्यवृंदासाठी रूपांतर केले. त्यातील बैलगाडीच्या चित्रावरील 'बिडलो' या भागाची चाल त्याने ट्यूबाला दिली. राव्हेलसमोर होता तो आकाराने लहान फ्रेंच ट्यूबा. अन्यत्र रूढ असलेल्या मोठ्या ट्यूबावर ती चाल फार उंच जाते. म्हणून अनेक वाद्यवृंदांत हा भाग आजही यूफोनियमवर वाजविला जातो. सर्वांत प्रसिद्ध ट्यूबाएकल प्रत्यक्षात यूफोनियमवादकाच्या हाती जाते, ही गंमतच म्हणावयाची.

यूफोनियमचे बँडमधील घर

खुर्ची नाकारली गेल्यामुळे यूफोनियमचे एका अर्थी भलेच झाले. त्याने बँडमध्ये घर केले आणि तेथे त्याला सेलोचे, म्हणजे गाणाऱ्या मध्यम आवाजाचे स्थान मिळाले. क्रेमोना येथे बँडचे संचालक असताना पोन्किएल्ली या इटालियन संगीतकाराने १८७२ मध्ये यूफोनियमच्याच जातीच्या वाद्यासाठी कन्सर्टो लिहिला. कन्सर्टो म्हणजे एकलवादक व वाद्यसमूह यांच्यातील संवादरूप विस्तृत रचना. पोन्किएल्लीची ही कृती ऑपेराच्या गायकीशी जवळीक सांगते. होल्स्टने १९११ मधील 'सेकंड सूट' या बँडरचनेत लोकगीताची एक आख्खी चाल यूफोनियमला गावयास दिली.

अमेरिकेत सूझाच्या बँडमधील सिमोने मँटिया या यूफोनियमवादकाने लोकप्रिय गीतावर चढत्या अवघडपणाची रूपे रचण्याचा प्रघात लोकांच्या मनावर ठसविला. मूळ चाल संथपणे वाजवावयाची, मग तिच्यावर दुगुन-चौगुनची झुंबड उडवावयाची, हे त्याचे सूत्र. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर आलाप थोडका आणि तानबाजी भरपूर. श्रोते थक्क होत. परंतु कसरतीने वादकाचा लौकिक वाढतो, वाद्याचे वाङ्मय त्या प्रमाणात वाढत नाही. हे मत कठोर वाटण्याचा संभव आहे. तरीही या रचना आजच्या परीक्षांत प्रामुख्याने तंत्राच्या चाचणीसाठीच निवडल्या जातात, ही वस्तुस्थिती त्यास पुष्टी देते.

वेगळ्या प्रकृतीच्या रचना ब्रिटिश ब्रास बँडच्या परंपरेतून पुढे आल्या. सुमारे पंचवीस ते तीस वादकांच्या या बँडमध्ये दोन यूफोनियम व चार ट्यूबा असतात. बास ट्रॉम्बोन वगळता सर्व पितळी वाद्ये एकाच, उंच स्वरांच्या चिन्हात लिहिलेली लिपी वाचतात. त्यामुळे कॉर्नेट वाजविणारा मुलगा सहजपणे यूफोनियमकडे वळू शकतो. म्हणूनच यूफोनियमच्या अनेक प्रकाशित रचनांसोबत दोन्ही लिप्यांतील प्रती दिलेल्या असतात. १९७२ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जोझेफ होरोवित्झ यांचा यूफोनियम कन्सर्टो ट्रेव्हर ग्रूम यांनी ब्रास बँडच्या साथीने प्रथम वाजविला. त्यातील संथ मधला भाग ऐकणाऱ्यास हे वाद्य कशासाठी आहे याचे वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. फिलिप स्पार्क यांचे 'पँटोमाइम' (१९८६) आणि फिलिप विल्बी यांचा कन्सर्टो (१९९५) याच परंपरेतील.

१९५४ चा टप्पा

ट्यूबाच्या इतिहासात १३ जून १९५४ हा दिवस निर्णायक मानावा लागेल. लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त रॅल्फ व्हॉन विल्यम्स यांचा बास ट्यूबा कन्सर्टो त्या दिवशी सादर झाला. संचालक जॉन बार्बिरोली. एकलवादक त्याच वाद्यवृंदाचे ट्यूबावादक फिलिप कॅटेलिनेट. संगीतकाराचे वय तेव्हा ८१ होते. वृद्ध संगीतकाराची ही एक लहर, अशीही त्याची संभावना झाली. या टीकेमागे वाद्याविषयीचा एक पूर्वग्रह होता. ट्यूबा म्हणजे हत्तीची चाल, लठ्ठ माणसाचे विनोदी पाऊल, हेच समीकरण रूढ होते. १९४५ मध्ये अमेरिकेत लोकप्रिय झालेली 'टबी द ट्यूबा' ही मुलांसाठीची संगीतकथासुद्धा, आपल्याला कधीच चाल मिळत नाही म्हणून खंतावणाऱ्या ट्यूबाची आहे.

व्हॉन विल्यम्स यांनी त्याला चाल दिली. सुमारे तेरा मिनिटांच्या या कन्सर्टोच्या तीन भागांपैकी मधला 'रोमान्झा' हा भाग इंग्लिश लोकगीताच्या वळणाने जातो. वाक्ये लांब आहेत. परंतु श्वासाच्या जागा चालीच्या विरामांशीच जुळविल्या आहेत, त्यामुळे वादक धापा टाकतो आहे असे कोठेही वाटत नाही. पुढल्याच वर्षी हिंडेमिथ यांनी ट्यूबा व पियानोसाठी सोनाटा लिहिला. वाद्यवृंदातील बहुतेक प्रत्येक वाद्यासाठी एकेक सोनाटा लिहिण्याचा त्यांचा उपक्रम त्याने पूर्ण झाला. रांगेत ट्यूबाचा क्रमांक शेवटचा लागला, हेही सूचक आहे. १९७६ मध्ये एडवर्ड ग्रेगसन यांनी जॉन फ्लेचर या वादकासाठी ट्यूबा व ब्रास बँडचा कन्सर्टो लिहिला तेव्हा त्यात व्हॉन विल्यम्स यांच्या कृतीचा ओझरता संदर्भ गुंफला. ट्यूबाची एक रचना दुसऱ्या रचनेचे स्मरण करते, याचा अर्थ परंपरा सुरू झाली होती.

हार्वी फिलिप्स आणि मागणीचे शास्त्र

मागणीतून वाङ्मय उभे राहते याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे अमेरिकन ट्यूबावादक हार्वी फिलिप्स. त्यांनी संगीतकारांशी मैत्री केली आणि त्या मैत्रीतून रचना लिहून घेतल्या. अ‍ॅलेक वाइल्डर यांनी त्यांच्यासाठी १९५९ मध्ये सोनाटा लिहिला. व्हिन्सेंट पर्सिकेट्टी यांनी १९६१ मध्ये कोणत्याही साथीशिवायची 'सेरेनेड क्र. १२' लिहिली. याच काळात रॉजर बोबो यांच्यासाठी विल्यम क्राफ्ट यांनी 'एन्काउंटर्स २' (१९६६) ही एकल रचना केली. या कृतीने ट्यूबाची तांत्रिक सीमा एकदम दूर नेली. वादक जितका समर्थ, तितकी रचना धाडसी; आणि रचना जितकी धाडसी, तितकी पुढील विद्यार्थ्यांची पात्रता वाढलेली, असे हे चक्र आहे.

फिलिप्स १९७१ पासून इंडियाना विद्यापीठात अध्यापन करीत होते. १९७३ मध्ये तेथे ट्यूबावादकांचे पहिले आंतरराष्ट्रीय संमेलन भरले. त्याच सुमारास ट्यूबावादकांची संघटनाही आकारास आली. २००० मध्ये तिच्या नावात यूफोनियमचा रीतसर समावेश झाला.

उसन्या रचनांचा प्रश्न

स्वतःच्या रचना अपुऱ्या असताना अध्यापकांनी अन्य वाद्यांच्या रचना घेतल्या. बाखचे सेलोसाठीचे सूट, मार्चेल्लोचे सेलो सोनाटा आणि बसूनसाठी वाजविले जाणारे गॅलियर्डचे सोनाटा यांवर पिढ्या तयार झाल्या. यास कमी लेखण्याचे कारण नाही. बाखपासून वाक्यरचना शिकलेला वादक सहज ओळखू येतो. परंतु सेलोला श्वास घ्यावा लागत नाही. पहिल्या सूटच्या पूर्वरंगात स्वरांची साखळी अखंड चालते. ट्यूबावादकाला एक तर मधला स्वर गाळावा लागतो, नाही तर लय ताणावी लागते. कोणता स्वर गाळावा याचा निर्णय करताना विद्यार्थ्याला स्वरांतील मुख्य-गौण विवेक करावा लागतो, हा लाभच. तथापि केवळ अशाच रचनांवर पोसलेल्या विद्यार्थ्याला आपले वाद्य म्हणजे सदैव दुसऱ्याची नक्कल करणारे साधन वाटू लागते. त्यामुळे परीक्षेच्या कार्यक्रमात निदान अर्धा वेळ मूळ रचनांना द्यावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

समूहवादन

समूहवादनात अडचण वेगळी आहे. हार्मोनियमवर अगदी खालच्या सप्तकात सा आणि ग एकत्र दाबून पाहावेत. स्वर गढूळ होऊन एकमेकांत मिसळतात. हीच जोडी वरच्या सप्तकात मोकळी वाटते. मंद्रात जवळचे स्वर कानाला वेगळे करता येत नाहीत. म्हणून चार ट्यूबांनी मिळून साधी सुरावट वाजविली तरी ती गुरगुर वाटण्याचा धोका असतो. यावर उपाय म्हणून दोन यूफोनियम व दोन ट्यूबा हा चौघांचा संच रूढ झाला. ट्यूबा सप्तकाचे किंवा षड्ज-पंचमाचे मोठे अंतर ठेवून पाया घालतात आणि दाट सुरावट यूफोनियमच्या उंचीवर रचली जाते. जॉन स्टीव्हन्स हे स्वतः ट्यूबावादक असल्याने त्यांच्या 'पॉवर' किंवा 'डान्सेस' यांसारख्या रचनांत ही जाण स्पष्ट दिसते. तेथे सुरावटीपेक्षा लय पुढे आहे. खालचा ट्यूबा जॅझमधील ठेका धरतो आणि त्याचे वजन हाच गुण होतो.

मोठ्या समूहाचे श्रेय विद्यापीठांकडे जाते. टेनेसी टेक विद्यापीठात विन्स्टन मॉरिस यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या ट्यूबासमूहाने नव्या रचना व रूपांतरे यांची मोठी भर घातली. वाद्यवृंदात एकच जागा असताना वर्गात पंधरा-वीस विद्यार्थी असत. त्यांनी एकत्र काय वाजवावे, या रोजच्या निकडीतून हे साहित्य वाढले. २२ डिसेंबर १९७४ रोजी फिलिप्स यांनी आपले गुरू विल्यम बेल यांच्या स्मरणार्थ न्यूयॉर्कच्या रॉकफेलर प्लाझामध्ये शेकडो ट्यूबा-यूफोनियमवादकांना जमवून नाताळगीते वाजविली. त्यांची मांडणी वाइल्डर यांची होती. 'ट्यूबाख्रिसमस' या नावाने तो प्रघात पुढे अनेक शहरांत पसरला.

समूहरचनांबाबत एक उणीव नमूद करणे भाग आहे. त्या बहुतांशी ट्यूबावादकांनी लिहिलेल्या, ट्यूबावादकांनी वाजविलेल्या आणि ट्यूबावादकांच्याच संमेलनांत ऐकलेल्या आहेत. एकलरचनांनी हे कुंपण ओलांडले आहे. जॉन विल्यम्स यांचा कन्सर्टो १९८५ मध्ये आला, जेनिफर हिग्डन यांचा २०१८ मध्ये पिट्सबर्ग येथे सादर झाला. २००६ मध्ये फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राची ट्यूबाची खुर्ची कॅरॉल यँच या विद्यार्थिदशेतील तरुणीने मिळविली. २०२१ मध्ये त्याच वाद्यवृंदासमवेत तिने विंटन मार्सालिस यांचा नवा ट्यूबा कन्सर्टो प्रथम वाजविला. चौघांच्या संचासाठी त्या तोलाच्या, ट्यूबा न वाजविणाऱ्या संगीतकारांनी लिहिलेल्या कृती अद्याप मोजक्याच आहेत.