वाळूवर धावणारी दुचाकी
बोदवड परिसरातील काळी माती पावसाळ्यात चाकांना चिकटते, कारण तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून फुगते; याउलट वाळवंटातील कोरड्या वाळूचे कण एकमेकांना धरून ठेवत नसल्याने भार पडताच ते बाजूला सरकतात आणि चाक रुतते. म्हणूनच डर्ट बाइक, म्हणजे कच्च्या वाटांसाठी बनवलेली दुचाकी, वाळूवर चालवताना टायरमधील हवा कमी केली जाते, ज्यामुळे टायर पसरून भार अधिक क्षेत्रावर विभागला जातो. शिवाय चालक शरीराचा भार मागे ठेवून वेग टिकवतो, जेणेकरून पुढचे चाक हलके राहते. १९७८ च्या डिसेंबरात पॅरिसहून सुरू झालेली आणि २०२० पासून सौदी अरेबियात होणारी डाकार रॅली ही या कौशल्याची कसोटी असून, २०१५ मध्ये सी. एस. संतोष हे ती पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले.