आधी काम, मग सॉफ्टवेअर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझे मामा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर चार वर्षं खपून त्यांनी आपल्या गावाचा इतिहास लिहिला. २००४ साली तालुक्याच्या गावी एका डीटीपीवाल्याकडून तो टाइप करून घेतला आणि दोनशे प्रती छापल्या. खर्च परवडेना म्हणून म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींची शंभरेक पानं गाळावी लागली. ती फाइलमध्ये होती. फाइल सीडीवर आणि सीडी कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी. हस्तलिखिताच्या वह्या वाळवीनं खाल्ल्या. दहा-बारा वर्षांनी दुसरी आवृत्ती काढायचं ठरलं तेव्हा ती सीडी माझ्याकडे आली. फाइल उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस आणि डॉलरची चिन्हं यांचा नुसता सडा. मामांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि विचारलं, "अगं, पुस्तक आहे ना आत?"

त्या पानांचं काय झालं ते पुढे सांगते. आज सॉफ्टवेअरबद्दल बोलायचं आहे आणि ते कसं निवडावं हा प्रश्न मला तरी त्या दुपारपासून खरा वाटू लागला.

संगणकाचं यंत्र बोटानं दाखवता येतं. त्या यंत्रानं काय करायचं याच्या ज्या सूचना, ते सॉफ्टवेअर. आपल्याकडचं मंगल कार्यालय डोळ्यांसमोर आणा. तिथे एक व्यवस्थापक असतो. कुठली खोली कुणाला, पाणी कधी, दिवे कुठले, हे तो पाहतो. स्वतः तो लग्न लावत नाही की जेवण रांधत नाही, पण त्याच्यावाचून काही चालत नाही. संगणकात हे काम ऑपरेटिंग सिस्टिम करते. विंडोज, लिनक्स, मॅक आणि फोनमधलं अँड्रॉइड ही त्याची नावं. मग येतात आचारी, मांडववाले, गुरुजी. त्यांच्यासाठी तर आपण कार्यालय घेतो. पत्रं लिहिणं, हिशेब ठेवणं, फोटो सुधारणं, पानं लावणं, ही कामं करणारी सॉफ्टवेअर ती हीच. त्यांना ॲप्लिकेशन म्हणतात, फोनवर नुसतं ॲप. शिवाय राखणदार आणि झाडलोट करणारी माणसं असतात, तशी विषाणू अडवणारी आणि फाइलींच्या प्रती काढून ठेवणारी सॉफ्टवेअर असतात. आणि प्रिंटरसारख्या प्रत्येक जोडयंत्राची भाषा व्यवस्थापकाला समजावून सांगणारा एक दुभाष्या असतो, त्याला ड्रायव्हर म्हणायचं. प्रिंटर नवा आणि तरी कागद निघत नसेल तर पुष्कळदा हा दुभाष्या गैरहजर असतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

हे झाले कामावरून प्रकार. दुसरे प्रकार पडतात हक्कावरून. तिकडे आपलं लक्ष कमी जातं.

दुकानातून सॉफ्टवेअर विकत घेतलं म्हणजे ते आपल्या मालकीचं झालं असं आपण समजतो. वस्तुतः आपण पैसे देतो ते वापरण्याच्या परवानगीचे. आता तर बरीच सॉफ्टवेअर वर्षाच्या वर्गणीवर मिळतात. वर्गणी थांबली की दार बंद, निदान अर्धं तरी. काही सॉफ्टवेअर फुकट मिळतात, पण आत काय चाललं आहे ते पाहायची मुभा नसते. आणि काही मुक्त असतात. फुकट आणि मुक्त यांत फरक आहे. एखाद्या घरी आपल्याला जेवायला वाढलं, हे झालं फुकट. वाढलं आणि पाककृतीही लिहून दिली, वर सांगितलं की हवं तसं तिखट-मीठ बदला, शेजाऱ्यांनाही द्या, तर ते मुक्त. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली या विचाराची चळवळ सुरू केली. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं लिनक्सचा गाभा लिहिला. पत्रं आणि तक्ते करण्यासाठीचं लिबरऑफिस २०१० पासून याच रीतीनं मिळतं आणि घरगुती किंवा लहान कचेरीच्या कामाला ते पुरतं, हा माझा अनुभव आहे.

उरला चौथा प्रकार, ज्याचं नाव कुणी मोठ्यानं घेत नाही. संगणक जोडून देणारा मुलगा "सगळं टाकून देतो, काकू" म्हणतो, ते सगळं बहुधा चोरीचं असतं. ते जाणूनबुजून वापरणं हा कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी त्यात तोटा आहे. अशी प्रत वापरणारे पकडलं जाण्याच्या भीतीनं सुधारणा घेणंच बंद करतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर विषाणूनं जगभरचे संगणक कुलूपबंद केले, इंग्लंडमधल्या रुग्णालयांना रुग्णांच्या वेळा रद्द कराव्या लागल्या. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारी सुधारणा दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलेली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती, मग कारण काहीही असो, त्यांचे संगणक सापडले. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्यांचं यंत्र धड आहे पण नवं विंडोज पेलत नाही, त्यांनी ते भंगारात देण्याआधी लिनक्स घालून पाहावं.

आता निवड. लोक मला विचारतात, "चांगलं सॉफ्टवेअर कोणतं?" मी उलट विचारते, "काम काय?" वीस बिऱ्हाडांच्या सोसायटीचा हिशेब साध्या तक्त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नीट बसतो. तिथे महागडं हिशेबाचं पॅकेज आणलं की ते चालवायला माणूस शोधावा लागतो. उलट, किराणा दुकानात दिवसाला दोनशे बिलं, मालाचा साठा आणि २०१७ पासून जीएसटी, हे तक्त्यात सांभाळायला गेलं तर तारांबळ उडते. तिथे पैसे मोजणंच शहाणपणाचं. मात्र घेण्यापूर्वी विकणाऱ्याला एक प्रश्न विचारावा: "उद्या तुमचं सॉफ्टवेअर सोडलं तर माझी माहिती मला कोणत्या रूपात परत मिळेल?" प्रश्न ऐकून समोरचा गडबडला तर आपण तिथून उठावं. घर घेताना पुढच्या दारापेक्षा मागचं दार पाहा असं माझी आजी म्हणायची, तिच्या मनात चोर होते हे खरं, पण इथेही ते लागू पडतं.

मराठीत लिहिणाऱ्यांनी तर हे दार आवर्जून पाहावं. संगणक अक्षरं ओळखत नाही, क्रमांक ओळखतो. जुन्या मराठी फाँटांत युक्ती अशी असे की इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर देवनागरीचं चित्र बसवायचं. फाँट असेपर्यंत पडद्यावर मराठी दिसे. तो काढला की मुखवटा गळून खालचं इंग्रजी उघडं पडे. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि तिनं देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र पट्टा दिला. त्यात क चा क्रमांक २३२५, जगात कुठेही, कोणत्याही यंत्रावर. विंडोज २००० मध्ये युनिकोडचा मंगल फाँट आलाही होता. पण छपाईसाठी पानं लावणारी त्या वेळची सॉफ्टवेअर युनिकोडमधली जोडाक्षरं नीट जोडत नसत, म्हणून छापखाने जुन्या फाँटांवरच राहिले. डीटीपीवाल्याला तरी दोष कसा द्यायचा?

तुमचं मराठी कोणत्या प्रकारचं आहे ते पाहायची सोपी चाचणी सांगते. एक परिच्छेद उचला आणि स्वतःलाच ई-मेलमधून पाठवा. फोनवर तो मराठीतच वाचता आला तर युनिकोड. मग त्यात ऱ्हास, सुऱ्या, क्लृप्ती आणि ॲप हे चार शब्द टाइप करून पाहा. जे सॉफ्टवेअर हे चार शब्द धड दाखवतं आणि धड छापतं, त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

मामांच्या फाइलचा फाँट कोणता होता ते डीटीपीवाल्याला आठवेना. त्यानं केव्हाच दुकान बंद करून मोबाइल दुरुस्ती सुरू केली होती. पण छापलेली पानं हाताशी होती आणि तीच आमची किल्ली ठरली. छापील ओळ आणि पडद्यावरची ओळ शेजारी ठेवून कोणतं चिन्ह म्हणजे कोणतं अक्षर याची यादी केली, भाच्यानं तिच्यावरून एक छोटं सॉफ्टवेअर लिहिलं आणि न छापलेली पानं त्यातून काढली. रफार भलत्याच अक्षरांवर बसले होते, ऱ्हस्व वेलांट्या शेजारच्या अक्षराला चिकटल्या होत्या. मामांनी लाल पेन घेऊन दोन महिने त्या दुरुस्त केल्या. मग मी पूर्ण फाइल त्यांच्या फोनवर पाठवली. त्यांनी ती उघडली, बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग पहिल्याच पानावर एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक काढून दाखवली.