रहस्यकथा आणि बाबूराव अर्नाळकर

भाईंदरची खाडी ओलांडून आगगाडी वसईवरून विरारला जाते. तेथून पश्चिमेस, समुद्रकांठीं, अर्नाळा हें गांव आहे. मीरा-भाईंदर व वसई-विरार मिळून २०२० सालीं जें पोलीस आयुक्तालय स्थापन झालें, त्याच्याच हद्दींत तें येतें. योगायोग मौजेचा आहे. कारण मराठी वाचकास गुप्तहेरांचें वेड लावणाऱ्या चंद्रकांत सखाराम चव्हाण ह्यांनीं ह्याच गांवाचें नांव लावलें: बाबूराव अर्नाळकर.

गुन्हा पुरातन; परंतु गुप्तहेराची कथा अर्वाचीन. आपल्याकडे चोरीचा माग रामोशी काढीत, आणि तो शेजारच्या गांवच्या शिवेपर्यंत नेऊन पोंचविला, कीं पुढील जबाबदारी त्या गांवाची. पण जेथें सर्व एकमेकांस ओळखतात, तेथें ‘हें कोणीं केलें?’ हा प्रश्न फार काळ टिकत नाहीं. त्याला अनोळखी माणसांचें शहर हवें, आणि कबुलीपेक्षां पुराव्यास मान देणारें न्यायालय हवें. लंडनचें नवें पोलीसदल १८२९ सालीं उभें राहिलें. १८४१ सालीं एडगर ॲलन पो ह्या अमेरिकन लेखकानें पॅरिसमधील एका बंद खोलींतील खुनाची कथा लिहिली. तीच सामान्यतः पहिली गुप्तहेरकथा मानतात. चतुर गुप्तहेर, त्याची करामत सांगणारा मित्र, गोंधळलेले पोलीस, हा सारा संसार पोनेंच मांडून ठेवला. कॉनन डॉइलनें १८८७ सालापासून त्यांत शेरलॉक होम्सला नांदविलें.

मराठींत हा रस प्रथम अद्भुताच्या वाटेनें आला. गोविंद नारायण दातारशास्त्री (१८७३–१९४१) ह्यांच्या कादंबऱ्यांवर रेनॉल्ड्स ह्या इंग्रज लेखकाची छाया आहे. त्यांत भर उत्कंठेवर, तर्कावर नव्हे.

अर्नाळकरांनीं सहस्राहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. धनंजय हा त्यांचा रीतसर गुप्तहेर. पण लोकांचे खरे लाडके झुंजार आणि काळापहाड. हे दोघेही कायद्याबाहेर राहून दुष्टांस शासन करणारे! झुंजारला पाहून लेस्ली चार्टरिसच्या ‘सेंट’ची आठवण होते खरी, परंतु आपल्या घरांत तो इतका रुळला ह्याचें कारण मला निराळें दिसतें. अर्नाळकर लिहूं लागले तेव्हां राज्य परक्यांचें होतें. पोलीस म्हणजे सरकारचा माणूस. विधवेस नागविणाऱ्या सावकाराला हा माणूस हात लावील, अशी वाचकास आशा नव्हती. इंग्रज वाचकाला कोडें सुटलें कीं समाधान वाटे. आपल्या वाचकाला त्याहून अधिक कांहीं हवें होतें.

अर्नाळकरांचीं कोडीं डॉइलच्या तोडीचीं नाहींत, हें मान्य. म्हणूनच कीं काय, १९९६ सालीं ते निवर्तले तोंपर्यंत विद्वानांनीं त्यांची फारशी दखल घेतली नाहीं. वाचनालयांत मात्र त्यांचें पुस्तक जागेवर क्वचितच सांपडे. वडील मंडळी मुलांना तें वाचूं देत नसत, आणि निजानीज झाल्यावर स्वतः दिव्याशीं घेऊन बसत.