नळदुर्ग : पाहुण्यांचे आणि गावकऱ्यांचे

नळदुर्गला माणसे तीन कारणांनी येतात. पावसाळ्यात किल्ल्यातले धबधबे बघायला, पौषात खंडोबाच्या यात्रेला आणि एरवी सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर गाडी चहाला थांबली म्हणून. एके काळी चौथे कारणही होते, कचेरीचे काम. तेव्हा नळदुर्ग जिल्ह्याचे ठिकाण होते आणि जिल्ह्याचे नावही नळदुर्गच होते. पुढे ठिकाण धाराशिवला गेले, त्याबरोबर नावही गेले. आज नळदुर्गला नगर परिषद आहे, पण तालुक्याचे ठिकाण तुळजापूर. ‘जिल्हा होतो, आता तालुका तरी करा’ ही इथली जुनी मागणी.

मी परभणीकडचा. आमच्याकडे राणीसावरगावला रेणुकेच्या दर्शनाला आलेला पाहुणा देवळापाशी उतरतो आणि तिथूनच परत फिरतो. गावात काय चालले आहे हे त्याला कळत नाही, कळायचे कारणही नसते. नळदुर्गचे तसेच आहे, फरक एवढाच की इथल्या पाहुण्यांनी लिहून ठेवले आहे. त्यामुळे बाहेरच्यांचे नळदुर्ग आणि गावकऱ्यांचे नळदुर्ग शेजारी ठेवून बघता येतात.

मेडोज टेलरचे नळदुर्ग

लिहिणाऱ्यांत पहिला मान फिलिप मेडोज टेलरचा. जन्म १८०८, लिव्हरपूलचा. बालपणाचा काही काळ डब्लिनमध्ये गेला. पंधराव्या वर्षी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे नोकरीला म्हणून आला आणि तिथून निजामाच्या चाकरीत शिरला. ठगांवरच्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ (१८३९) या कादंबरीने त्याचे विलायतेत नाव झाले. १८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिवकडचा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला, तेव्हा या नव्या नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार टेलरकडे आला. जमीन मोजणे, सारा ठरवणे, रस्ते काढणे, फिर्यादी ऐकणे, सगळे एकाच माणसाकडे. १८५७च्या धामधुमीत त्याला वऱ्हाडात पाठवले. १८६०मध्ये इंग्रजांनी हा जिल्हा निजामाला परत केला. त्याच सुमारास टेलरही निवृत्त होऊन डब्लिनजवळ हॅरल्ड्स क्रॉसला राहायला गेला.

तिथे बसून त्याने हा मुलूख कागदावर उतरवला. ‘तारा’ (१८६३) या कादंबरीची नायिका तुळजापूरची. चांदबिबीवरची ‘अ नोबल क्वीन’ १८७८ साली, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी निघाली. तिच्यात नळदुर्गचा किल्ला आहे. त्याच्या आत्मचरित्रात किल्ल्याचे जे वर्णन आहे, ते पुढच्या लिहिणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा वापरले. पठारातून दरीत पुढे आलेला काळ्या पाषाणाचा उंचवटा, त्याला जवळजवळ वेढा घालणारी बोरी नदी, ताठ कडे आणि नदीवरचा बंधारा, असे ते चित्र आहे. ते मोजणीदाराच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. कडा किती फूट, बंधारा किती रुंद, पाणी कुठून येते नि कुठे पडते, हे त्याला आधी दिसते, अद्भुतरम्य त्यानंतर. चार वर्षे ज्याने इथल्या शेताबांधांचे हिशेब केले, त्याची नजर अशीच असायची.

भिंतीच्या पोटातली खोली

त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३मध्ये, बोरीला आडवी सुमारे नव्वद फूट उंचीची भिंत घातली गेली. मुख्य किल्ला आणि पलीकडचा रणमंडळ हा छोटा किल्ला तिने जोडले गेले, गडाला पाण्याचा साठा मिळाला. जादा पाणी जायला भिंतीच्या माथ्यावरून दोन वाटा ठेवल्या. तेच नर आणि मादी हे धबधबे.

वरून उतरणारा जिना अंधारा आणि अरुंद. समोरून कोणी आले की एकाने भिंतीला पाठ लावून वाट द्यायची. खाली छोटे दालन, त्याला सज्जा. नदी भरून वाहत असेल तेव्हा सज्ज्यासमोर पाण्याचा पडदाच असतो, पण दालन कोरडे राहते, कारण पाणी भिंतीपासून सुटून पुढे पडेल अशी रचना आहे. आत बोलणे ऐकू येत नाही. माणसे खुणांनी एकमेकांना फोटोसाठी सरकवत असतात. भिंतीवरच्या फारसी शिलालेखाकडे बहुतेकांची पाठ असते.

बाहेर चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारले, “कुठलं पावनं? पाणी बघायला आलाव का?” हो म्हटल्यावर म्हणाले, “बघा की. धबधबा चालू म्हंजे धरण भरलं. धरण भरलं म्हंजे आमची रबी आली.”

किल्ल्याच्या वरच्या अंगाला बोरीवर अलीकडच्या काळातले धरण आहे. नळदुर्ग, अणदूर आणि तुळजापूरच्या नळाचे पाणी त्याच्या भरवशावर. ते भरून सांडले की नर-मादी जोरात वाहू लागतात. पाहुणा ज्याचा व्हिडिओ काढतो, ती गावाच्या लेखी वर्षभराच्या पाण्याची पावती असते. दुष्काळी साली पाहुणे येत नाहीत आणि गावाच्या नळालाही पाणी नसते.

घाईत आलेले पाहुणे

१३ सप्टेंबर १९४८च्या पहाटे आलेल्यांना धबधबा बघायला सवड नव्हती. हैदराबाद संस्थानावरची कारवाई सोलापूरकडून सुरू झाली तेव्हा भारतीय फौजेची पहिली मोठी गाठ नळदुर्गलाच पडली. तिला हवा होता बोरीवरचा पूल, आणि तोही शाबूत. अचानक हल्ला करून तो हाती घेतला आणि रणगाड्यांची हैदराबादची वाट मोकळी झाली. आदिलशाहीने बोरी अडवली ती गडासाठी. सव्वातीनशेहून अधिक वर्षांनी लढाई झाली ती त्याच नदीच्या पुलासाठी. रस्ता आणि नदी जिथे एकमेकांना छेदतात त्या जागेवर हे गाव वसले आहे. सगळ्या काळातले पाहुणे याच कारणाने इथे आले.

देव येतो तेव्हा

गावकऱ्यांनी स्वतःबद्दल काही सांगायचे ठरवले, तर सुरुवात किल्ल्यापासून होत नाही, खंडोबापासून होते. नळदुर्ग आणि जवळचे अणदूर या दोन गावांचा खंडोबा एकच. देवळे दोन, मूर्ती एक. साधारण सव्वादहा महिने देव अणदूरला राहतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गला. मार्गशीर्षात अणदूरची यात्रा झाली की पालखी नळदुर्गकडे निघते. पौष पौर्णिमेला नळदुर्गची यात्रा भरते. मुक्काम संपला की देव परत अणदूरला. या जाण्यायेण्याचा दोन गावांत लेखी करार होतो: देव किती दिवसांसाठी नेला आणि कधी परत द्यायचा.

भक्तीच्या गोष्टीत हिशेब इतका चोख ठेवणे शहरातल्या माणसाला खटकेल. इथल्यांना त्यात वावगे वाटत नाही. दोन गावांनी एक देव वाटून घ्यायचा तर कागद हवाच. कागद आहे म्हणून भांडण नाही. टेलरला हे बघून बरे वाटले असते, त्याचाही भरवसा कागदावरच होता.

कोणाचे खरे?

किल्ला आता राज्य संरक्षित स्मारक आहे. अलीकडे शासनाच्या स्मारक संगोपन योजनेतून एका खासगी कंपनीने तिथे साफसफाई केली, बागा केल्या, नौकाविहार आणला. सुट्टीच्या दिवशी सोलापूर, लातूर, कलबुर्गीच्या गाड्या उभ्या राहतात. टपऱ्या चालतात, पोरांना काम मिळते. गावात कोणी याविरुद्ध बोलत नाही. पण गप्पा रंगल्या की विषय किल्ल्यावरून सरकून तालुक्यावर येतोच. बाहेरच्याला चारशे वर्षांचा बंधारा अजून उभा आहे याचे नवल. गावाला सव्वाशे वर्षांपूर्वी उठलेली कचेरी अजून सलते.

दोघांचेही खरे आहे, आणि दोन्ही एकाच गोष्टीतून आले आहे. किल्ला होता म्हणून कचेरी आली. कचेरी गेली, किल्ला राहिला. टेलरचे लिखाण टिकले, कारण त्याने दोन्ही बघितले होते. दोन तासांत परतणाऱ्याला एकच दिसणार. म्हणून नळदुर्गला जायचे तर एकदा पौषात जावे. धबधबे तेव्हा थंडावलेले असतात, पण देव मुक्कामाला असतो, आणि गावात जी गर्दी असते ती पाहुण्यांसाठी जमलेली नसते.