लहान छायाचित्र मोठे करताना

घरातील वडीलधारे माणूस निवर्तले, म्हणजे भिंतीवर लावण्यासाठी त्यांच्या छायाचित्राचा शोध सुरू होतो. पुष्कळदा एखाद्या लग्नातील, कोणी मोबाइलवर पाठविलेले लहानसे चित्र तेवढे हाती लागते, आणि ‘हेच मोठे करून द्या’ असे आपण छपाईवाल्यास सांगतो. परंतु मोठे करणे म्हणजे नेमके काय करणे, याचा विचार सहसा होत नाही.

डिजिटल छायाचित्र हे पिक्सेल नावाच्या चौकोनी ठिपक्यांचे बनलेले असते, आणि ते ठिपके मोजके असतात. १९५७ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत रसेल कर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचे छायाचित्र संगणकात उतरविले. त्यात आडवे १७६ व उभे १७६ एवढेच ठिपके होते. आज १२ मेगापिक्सेलच्या चित्रात ते ४,००० आणि ३,००० असतात.

हाती धरून पाहावयाच्या छपाईत दर इंचाला ३०० ठिपके असावेत, असा संकेत आहे. फूटभर अंतरावरून त्याहून बारीक ठिपके सामान्य डोळ्यास निरनिराळे दिसत नाहीत. या हिशेबाने वरील चित्र सुमारे १३ × १० इंच छापता येते. १,६०० × १,२०० ठिपक्यांचे मात्र जेमतेम सव्वापाच × ४ इंच. सहा फुटांवरून इंचाला ५० ठिपकेही डोळा जोडून घेतो. पण घरची माणसे तसबिरीजवळ जातातच, म्हणून १५० च्या खाली न उतरणे बरे. म्हणजे हे दुसरे चित्र १० × ८ इंचांपर्यंत निभावते.

याहून मोठे हवे असल्यास संगणकाला नवे ठिपके घालावे लागतात. लांबी-रुंदी दुप्पट केली, की दर चार ठिपक्यांतील तीन अनुमानाचे असतात. ‘बायक्यूबिक’ ही रूढ पद्धत शेजारच्या १६ ठिपक्यांवरून नव्याचा रंग ठरविते. तिने चित्र धूसर होते, पण चेहरा बदलत नाही. अलीकडची कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने असंख्य चित्रांवरून शिकलेली असतात व तपशील स्वतः कल्पून भरतात. २०२० साली ड्यूक विद्यापीठात तयार झालेल्या ‘पल्स’ या साधनास बराक ओबामा यांचे अस्पष्ट चित्र दिले असता, त्यातून एका गोऱ्या पुरुषाचा रेखीव चेहरा निघाला!

म्हणून आधी मूळ प्रत मिळवावी. ज्याने चित्र काढले त्याच्याकडून ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावी. संदेशातून साध्या रीतीने येणारे चित्र वाटेतच आक्रसते. जुना कागदी फोटो असेल, तर तो इंचाला ६०० ठिपक्यांनी स्कॅन करावा. तो दुप्पट आकारात स्वच्छ छापता येतो. रेषांची धार वाढविण्याचे काम शेवटी, अंतिम आकार ठरल्यावरच करावे. चेहऱ्याचा भाग प्रत्यक्ष आकारात आधी एका लहान कागदावर छापून घ्यावा, आणि त्या व्यक्तीला जवळून ओळखणाऱ्या माणसास दाखवावा.

आजीच्या हनुवटीवरचा तीळ, आजोबांची किंचित वाकडी भुवई, यांवरूनच ती माणसे आपल्याला ओळखू येतात. मोठ्या चौकटीच्या हौसेपायी ती खूण पुसली जात असेल, तर चौकट लहान करावी.